संत्र्याचे पान सांगते हवेची गोष्ट



हवा तपासण्याचे यंत्र महाग असते, पण झाडाचे पान हेच काम फुकटात करते. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी सॉल्ट लेक सिटीत पाइनच्या सुया उन्हाळ्यात तोडल्या, हिवाळ्यातील धुरकटानंतर पुन्हा तोडल्या आणि त्यांची चुंबकीय तपासणी केली. दुसऱ्या वेळी सुयांवर लोहकण बरेच वाढलेले आढळले. हे कण वाहनांचे इंजिन व ब्रेक यांतूनही येतात. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला.

सुईच का? पाइनची (हिंदीत चीड, कॉलेजात आम्ही हेच नाव शिकलो) सुई दोन-तीन वर्षे गळत नाही आणि तिच्यावरचा मेणाचा थर काजळी धरून ठेवतो.

आपल्या पांढुर्णा-सौंसरात पाइन कुठला! सुरूला सुया दिसतात, पण त्या खरे तर बारीक फांद्या आहेत. आपल्याकडे संत्रा आहे. तो सदाहरित, पान मेणचट, पानगळ एकदम होत नाही. पिंपळ मात्र दरवर्षी सगळी पाने टाकतो, म्हणजे जुना हिशेबच पुसून टाकतो.

तर दिवाळीनंतर, सलग आठ दिवस पाऊस नसताना, नागपूर-भोपाळ महामार्गालगतच्या, शाळेजवळच्या आणि रस्त्यापासून दूर असलेल्या बागेतील झाडांची प्रत्येकी दहा पाने घ्या. मालकाला विचारूनच! सौंसरच्या मुलांनी नागपूर-छिंदवाडा रस्ता धरावा. उंची सारखी, पाने जून. पानाच्या वरच्या बाजूस पारदर्शक चिकटपट्टी दाबा आणि ती पांढऱ्या कागदावर लावा. कागदावर जागा व तारीख लिहायला विसरू नका.

शेतकरी पालकांना सांगायला नको, बोर्डो मिश्रण फवारलेले झाड चालणार नाही. शेतातली मातीही पानावर बसते. काळा डाग दिसला की तो धूरच, असे समजू नये. म्हणून पट्टीजवळ चुंबक नेऊन भिंगातून पाहावे. कण हलले तर त्यांत लोह असण्याचा संभव आहे. वायू मात्र या पट्टीवर दिसत नाहीत.

आमची काळजी पहिलीच्या वर्गाची आहे. त्याच्या खिडक्या रस्त्याकडे उघडतात. शाळेजवळच्या पट्ट्या महामार्गाच्या पट्ट्यांइतक्याच काळ्या निघाल्या, तर तो वर्ग मागच्या इमारतीत नेण्याचा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवू. पट्ट्या विज्ञानाच्या सरांकडे द्याव्यात.