पिशवी हलू देऊ नकोस

अगं, दिवाळीनंतर ताम्हिणीतून सायकलने कोकणात उतरायचंय आणि आत्याची जुनी सॅडलबॅग हवीय, असा तुझा निरोप मिळाला. पिशवी देते. पण तिच्या तळाला तळहाताएवढं ठिगळ आहे, ते कसं लागलं ते ऐकल्याशिवाय नेऊ नकोस. पिशवी चांगली होती, रस्ता बरा होता, मीही तेव्हा बरी होते. फक्त पिशवीखाली टेकू नव्हता. दोन पट्टे आवळले की झालं, असं मला वाटलं होतं. तुलाही तसंच वाटत असणार, शेवटी भाची कुणाची! म्हणून हे लिहून ठेवलंय. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

आधी माप, मग दुकान

१. सीट तुझ्या नेहमीच्या उंचीवर ठेव, पिशवीत उशी कोंबून ती लटकव आणि तिचा तळ नि टायर यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते बघ — आपल्या घराण्यात उंची कुणाच्याच वाट्याला आली नाही, त्यामुळे सीट खाली, चाक मोठं आणि मधली जागा चिमूटभर.

२. चार बोटांपेक्षा कमी जागा उरली तर टेकू हवाच — रिकामी पिशवी पाहुण्यासारखी सावरून बसते, भरलेली पिशवी जावयासारखी पसरते.

३. जागा भरपूर असली तरी कुणालातरी सायकल धरायला सांग, सीटवर बस आणि पेडल उलटं फिरवून मांडीला मागून पिशवी लागते का ते बघ — घरात एकदा लागलेली पिशवी रस्त्यावर मिनिटाला साठ वेळा लागते.

४. मागच्या चाकालाही सस्पेन्शन असेल तर ते पूर्ण दाबून मगच माप घे — उभ्या सायकलचं माप खड्ड्यात खोटं ठरतं.

५. सीटच्या मागच्या बाजूला खालून डोकावून बघ. ब्रूक्सच्या बऱ्याचशा चामडी सीटांना पट्ट्यांसाठी दोन कड्या असतात, नसतील तर सीटखालच्या सळ्यांना बसणाऱ्या सुट्या कड्या मिळतात — नुसत्या सळ्यांना गुंडाळलेले पट्टे पुढे सरकत जातात आणि पिशवी एका बाजूला कलते.

६. मागच्या आसाजवळ आणि सीटखालच्या नळ्यांवर आट्यांची भोकं आहेत का, ते टॉर्च लावून शोध — कुठला टेकू घ्यायचा हे दुकानदार नाही, ती भोकं ठरवतात. टेपने मोजलं नाही, तर नंतर खिसा मोजावा लागतो.

दुकानात

७. टेकू मुख्यतः तीन तऱ्हेचे: सीटच्या सळ्यांना लटकणारी छोटी चौकट, सीटपोस्टला आवळायचं कॅरिअर, आणि आसाजवळ पाय रोवून उभं राहणारं पूर्ण कॅरिअर. भोकं असतील तर डोळे मिटून तिसरं घे — भार आसावर उतरतो, सीटला आणि तिच्या बोल्टला त्रास नाही.

८. सीटपोस्टचं कॅरिअर घ्यावंच लागलं, तर बहुतेकांची मर्यादा ८ ते १० किलोच असते हे ध्यानात ठेव — एकाच गोल दांड्याला धरून राहिलेली वस्तू खड्ड्यात डावी-उजवी फिरायला बघते.

९. सीटपोस्ट किंवा सीटच्या सळ्या कार्बनच्या असतील तर त्यांना काहीही आवळू नकोस — कार्बन आवळल्याची तक्रार करत नाही, एकदम तुटतो.

१०. सळीची छोटी चौकट मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. कमी भोकांच्या सायकलवर, चार कपड्यांच्या पिशवीला ती पुरते — तिचं काम भार वाहण्याचं कमी आणि पिशवीला टायरपासून, तुझ्या मांडीपासून लांब धरण्याचं जास्त.

११. कॅरिअरवर कोरलेला आकडा वाच. आसावर उभ्या राहणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कॅरिअरवर बऱ्याचदा २५ किलो असतं. तुझी पिशवी सहा-सात किलोची, तरी उरलेली ताकद वाया गेली म्हणू नकोस — काट्यावरचे सहा किलो खड्ड्यात सहा किलो राहत नाहीत.

१२. लांबच्या गावांतून जायचं असेल तर थोडं जड झालं तरी पोलादी कॅरिअर बघ — ते तुटलं तर रस्त्यावरचा वेल्डिंगवाला जोडून देतो, ॲल्युमिनियम म्हटलं की तो नुसती मान हलवतो.

१३. मागे डिस्क ब्रेक असेल तर सायकल घेऊनच दुकानात जा — साध्या कॅरिअरचा पाय नेमका ब्रेकवर येऊन बसतो, आणि मग वाकवावाकवी सुरू होते.

१४. चाकाचा आकारही सांग. २६ इंची चाकासाठीचं कॅरिअर २९ इंची चाकावर चढवू नकोस — 'बसेल हो ताई' असं म्हणणाऱ्याला त्यावर बसून घाट उतरायचा नसतो.

बसवताना

१५. सगळे बोल्ट आधी हातानेच अर्धवट फिरव, एकही आवळू नकोस — पहिला आवळला की चौथं भोक जुळत नाही, हे मी तीन कॅरिअरवर शिकले.

१६. मग कॅरिअरची पाटी जमिनीला समांतर कर, तिच्यावर पाण्याची बाटली आडवी ठेवून बघ आणि खालचे बोल्ट आधी, वरचे नंतर, थोडे थोडे आवळत जा — मागे उतरती पाटी पिशवीला रोज थोडं मागे ओढते.

१७. चेनच्या बाजूचा बोल्ट भोकाच्या आतल्या बाजूने बाहेर डोकावत नाही ना, हे चेन सर्वांत लहान चकतीवर टाकून तपास — लांब बोल्टाचं टोक चेनला घासतं, आणि ते नेमकं उतारावर कळतं.

१८. बोल्ट बहुधा ५ मिलिमीटरचे असतात. प्रत्येकाखाली वायसर घाल आणि आट्यांना निळ्या लॉकटाइटचा एक थेंब लाव. लाल नको — निळं पान्याने सुटतं, लाल तापवल्याशिवाय सुटायचं नाव घेत नाही.

१९. जिथे नट लागतो तिथे आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट मागून घे — साधा नट हादऱ्याने गाणं म्हणत सुटतो.

२०. बोल्ट शक्यतो स्टेनलेस स्टीलचे घे, आणि ज्यांना लॉकटाइट लावणार नाहीस त्यांना ग्रीस लाव — साधं लोखंड कोकणच्या खाऱ्या हवेत गंजून ॲल्युमिनियमच्या आट्यांत असं अडकतं की बोल्टाचं डोकंच तुटून हातात येतं.

२१. भोकं नसतील तर आतून रबर असलेल्या पी-क्लिप नळीला लाव. तार किंवा सुतळी नको — तार रंग खाते आणि सुतळी भिजली की शब्द पाळत नाही.

२२. आता खरी परीक्षा: कॅरिअर धरून जोरात हलव. सायकल हलली पाहिजे, कॅरिअर नाही — दोघं वेगवेगळे हलले तर अजून लग्न लागलेलं नाही.

२३. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून कॅरिअरवर उतरणारी नेलपॉलिशची एक रेघ ओढ — रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला, पाना न लावताच कळतं. नेलपॉलिशचा एवढा चांगला उपयोग मी दुसरा केलेला नाही.

२४. पिशवी टेकते तिथे जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळ — पंक्चरवाला फुकट देतो, कापड घासत नाही आणि पिशवी सरकत नाही.

२५. मागचा दिवा सीटपोस्टवरून काढून कॅरिअरच्या शेवटाला लाव — पिशवीमागे लपलेला दिवा फक्त पिशवीला दिसतो.

भरताना

२६. जड वस्तू तळाशी आणि सीटच्या बाजूला, कपडे मागे आणि वर — भार मागे गेला की घाटात चढताना सायकल शेपूट हलवते.

२७. पिशवी अर्धी रिकामी असेल तर उरलेल्या जागेत चादर कोंब — वजन चालतं, डुलणं नाही. गप्प बसलेला हत्ती नेता येतो, नाचणारी शेळी नाही.

२८. सीटचे दोन पट्टे लावलेस तरी तिसरा कॅरिअरला बांधच, आणि सगळ्या पट्ट्यांची लोंबती टोकं आत खोच — सैल पट्ट्याला आऱ्यांची फार ओढ.

२९. पट्टे चामड्याचे असतील तर भिजल्यावर पुन्हा आवळ — ओलं चामडं ताणतं.

३०. आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घाल आणि मागचं मडगार्ड काढून ठेवायचा शहाणपणा करू नकोस — वरचं पाणी आकाश ठरवतं, खालचा चिखल आपलं चाक.

वाटेवर

३१. निघण्याआधीच्या रविवारी सगळं भरून खडकवासल्यापर्यंत जाऊन ये आणि परत आल्यावर प्रत्येक बोल्टाला पाना लाव — नवीन कॅरिअर पहिल्या फेरीतच काय ते रुसून घेतं. घरी पाना, वाटेवर गाणं.

३२. भरल्या सायकलवर नेहमीसारखी टांग मारू नकोस. सायकल जरा आपल्याकडे कलती कर आणि मग पाय टाक — माझा पाय पिशवीला अडकला तेव्हा सगळी आळी चहा प्यायला बाहेर उभी होती.

३३. ब्रेकच्या मुठीवर चढवायला एक जाड रबर ठेव — बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटींवर भरलेली सायकल स्टँडवर टिकत नाही. ब्रेक दाबलेला राहिला की ती भिंतीला टेकून शहाण्यासारखी उभी राहते.

३४. टकटक, चर्रचर्र, सर्र, कुठलाही नवा आवाज आला की लगेच उतर — सैल बोल्ट आधी बोलतो, मग पळतो.

३५. दोन जादा बोल्ट जवळ ठेव. तेही संपले तर पाण्याच्या बाटलीच्या पिंजऱ्याचा एक काढ — तोही ५ मिलिमीटरचाच असतो. बाटली एक दिवस पिशवीत बसली तर रडत नाही.

३६. रोज मुक्कामी पोचल्यावर आधी नेलपॉलिशच्या रेघा बघ, मग आंघोळ — आंघोळीनंतर कुणीच सायकलकडे जात नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

आता ते ठिगळ. ताम्हिणीच्या उतारावर मला बारीक सर्र असा आवाज येत होता. पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते, डोंगरातून ठिकठिकाणी पाणी झरत होतं. मला वाटलं, झराच. किती छान, म्हणत मी आणखी वेग घेतला. चाक पिशवी खात होतं. माणगावला पोचेपर्यंत तळ गेला होता, पंचा कुठेतरी घाटात राहिला होता आणि स्वेटरला एकच बाही उरली होती. बाजारातल्या एका शिंप्याने आरामखुर्चीचं कापड लावून ठिगळ शिवून दिलं. पैसे घेताना त्याने एवढंच विचारलं, "याच्या खाली काही नव्हतं का?"

ते निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड मी मुद्दाम बदललेलं नाही. पिशवी टेकूवर नीट बसली की ठिगळ झाकून जातं. चहाला थांबलीस की मागे वळून एकदा बघत जा. ठिगळ दिसलं, तर पिशवी सरकलीय. चहा राहू दे, आधी पाना काढ.