जुन्या वस्तऱ्याला नवी धार

एदो काळात (१६०३ ते १८६८) जपानमधील सामुराई डोक्याचा पुढचा भाग तासून मागे शेंडी बांधत. त्यासाठी जो वस्तरा वापरत, त्याचे नाव कामिसोरी. त्याला मिटणारी मूठ नसते. पाते आणि दांडा एकाच तुकड्याचे असतात. असे जुने, गंजलेले वस्तरे आज काही लोक हौसेने दुरुस्त करतात. या कामात रसायन, भौतिकी आणि भूमिती कशा उपयोगी पडतात ते पाहू.

प्रथम पात्याची घडण. लोहार मऊ लोखंड आणि कठीण पोलाद तापवून, ठोकून एकजीव करतो. धार पोलादाची असते. लोखंड तिला आधार देते. पोलाद लालबुंद करून एकदम थंड केले की त्यात मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण रचना तयार होते. पण ती ठिसूळ असते. म्हणून पाते पुन्हा सुमारे १५० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. ठिसूळपणा कमी होतो, कठीणपणा बराचसा टिकतो. यालाच आपण ‘पाणी देणे’ म्हणतो.

आता गंज. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी यांच्या संयोगाने तांबूस गंज होतो. तो सच्छिद्र असल्यामुळे खालच्या धातूचे रक्षण करीत नाही आणि खड्डे पडत जातात. खड्डा धारेपर्यंत पोचला असेल, तर तेथे धार तुटते. तेवढा भाग झिजवून मागे जावे लागते.

हे काम यंत्राच्या चाकावर झटपट होईल असे वाटते. पण धोका तेथेच आहे. धारेजवळ धातू फार पातळ, म्हणून घर्षणाच्या उष्णतेने ती क्षणात तापते. चकचकीत पोलादावर सुमारे २२० अंशांना पिवळसर आणि सुमारे ३०० अंशांना निळी झाक येते. निळी झाक दिसली की पाणी उतरले असे समजावे. मग कितीही घासा, धार टिकत नाही. म्हणून जाणते लोक पाणी लावून, हातानेच घासतात.

दुसरी काळजी भूमितीची. धार लावताना वस्तरा दगडावर आडवा ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात; म्हणून कोन आपोआप ठरतो. समजा, पाठीची जाडी ५ मिमी आणि पाठीपासून धारेपर्यंतचे अंतर १८ मिमी आहे. अर्ध्या कोनाची ज्या = २.५ ÷ १८ = ०.१३९. म्हणजे अर्धा कोन ८ अंश आणि धारेचा पूर्ण कोन १६ अंश. गंज काढण्याच्या भरात पाठ १ मिमीने झिजवली, तर हाच कोन १३ अंशांच्या आत येतो. धार नाजूक होऊन तिचे टवके उडतात, आणि झिजलेली पाठ परत भरून येत नाही.

दगड भरडापासून बारीकाकडे बदलत जातात. १००० क्रमांकाच्या कृत्रिम दगडातील कण सुमारे १० ते १५ मायक्रॉनचे असतात. ८००० क्रमांकाच्या दगडातील १ ते २ मायक्रॉनचे. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) प्रत्येक दगड आधीच्या दगडाचे ओरखडे पुसतो. क्योतोजवळच्या खाणींतले नैसर्गिक दगड अखेरच्या धारेसाठी नावाजलेले आहेत. प्राचीन समुद्रतळावर साचलेल्या गाळाचे ते खडक आहेत. त्यांच्या बहुतेक खाणी आता बंद झाल्या आहेत. शेवटी पाते चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून ओढतात.

इतक्या कष्टाने लावलेली धार केसासारख्या मऊ वस्तूने का बोथटते? अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये नव्या पद्धतीची पाती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पोलाद केसाच्या सुमारे ५० पट कठीण असते. तरीही केस वाकून धारेला तिरका भिडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची रचना असमान असली, तर बारीक टवका उडतो, असे त्यांना आढळले.

करून पाहा : वस्तऱ्याला हात लावू नका. शिक्षकांच्या देखरेखीखाली शिवणाची सुई चिमट्यात धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा आणि हवेत सावकाश थंड होऊ द्या. आता ती चिमट्याने सहज वाकते. तिचे ‘पाणी उतरले’. आता सांगा : पाठ ५ मिमी आणि रुंदी १६ मिमी असेल, तर धारेचा कोन किती?

(उत्तर : सुमारे १८ अंश)