घोस्ट निवडताना

रेसिंग गेमच्या टाइम ट्रायलमध्ये शेजारी कुणी नसतं. कुणी वाट अडवली, मागून धक्का दिला, असली कारणं तिथे चालत नाहीत. पुढे पळत असते ती दुसऱ्या कुणीतरी मारलेल्या फेरीची पारदर्शक गाडी, म्हणजे घोस्ट. बरेच जण त्याला नुसता प्रतिस्पर्धी समजतात. मी जे काही शिकलो ते घोस्टकडूनच शिकलो, म्हणून खोट्या वेळेची मला मनापासून चीड आहे.

ट्रॅकमेनिया खेळणाऱ्या आमच्या गटात एकाची वेळ सगळ्यांच्या कितीतरी पुढे होती. त्याचा घोस्ट लावून आम्ही तीच ती वळणं घोटायचो. घसरती गाडी तो जिथे सावरायचा, तिथे आमची बोटं अडखळायची. एक चांगला खेळणारा मुलगा तर ‘आपल्याला हे जमणार नाही’ म्हणून गेमच सोडून गेला. पुढे कळलं, की तो पुढे असलेला खेळाडू एका टूलने गेमचा वेग मंद करून गाडी चालवत होता. गेम मंद झाला की त्यातलं घड्याळही मंदावतं, त्यामुळे नोंद साधीसुधीच दिसते. पण या गेमच्या रिप्लेमध्ये बटण कधी दाबलं, कधी सोडलं हेही साठवलेलं असतं. ते खऱ्या वेगात तपासलं की माणसाच्या हाताला न झेपणारी दाबसोड उघडी पडते. २०२१ साली ट्रॅकमेनियाच्या जुन्या विक्रमांची अशीच छाननी झाली आणि नावाजलेले खेळाडूही संशयात आले.

आमच्या गटातल्या त्या खेळाडूचं नाव वेळांच्या यादीतून गेलं. पण आम्ही खोटा कित्ता गिरवण्यात घालवलेला सराव कोण परत देणार? आणि तो मुलगा?

म्हणून सांगतो, जगातल्या अव्वल खेळाडूचा घोस्ट सुरुवातीलाच लावू नका. दोन वळणांत दिसेनासा होणारा घोस्ट काही शिकवत नाही. आपल्यापुढे अर्धा-एक सेकंद असलेला शोधा. ग्रान टुरिस्मो ७ या गेमच्या ऑनलाइन टाइम ट्रायलमध्ये सुवर्णपदकासाठी अव्वल वेळेच्या ३ टक्क्यांच्या आत यावं लागतं. अव्वल फेरी २ मिनिटांची असेल तर ३.६ सेकंदांची मोकळीक मिळते. सचोटीने सराव करणाऱ्याच्या आवाक्यातली गोष्ट आहे ही.

वेळ कुठे वाचवता येते ते सुझुका ट्रॅकवर नीट कळतं. ५.८०७ किलोमीटरच्या या ट्रॅकवर सुरुवातीची एस वळणं एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिल्यात जास्त वेगाने शिरलात की गाडी बाहेर ओढली जाते, पुढच्या वळणाची लाइन बिघडते आणि तोटा वळणागणिक वाढत जातो. पुढच्या वळणांसाठी आधीच्यात थोडा वेग सोडावा लागतो, आणि उतावळ्या माणसाला नेमकं हेच जड जातं. स्पून वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर लवकर पूर्ण दाबता आला, तर त्याचा फायदा १३०आर या वळणापर्यंतच्या लांब सरळ रस्त्यावर मिळत राहतो. घोस्ट ब्रेक कुठे लावतो हे सगळेच बघतात. तो ब्रेक कुठे सोडतो आणि अॅक्सिलरेटर कधी दाबतो, ते बघा. एका बैठकीत एकच वळण सुधारा. ट्रॅक्शन कंट्रोल एकेक पायरीने कमी करा. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू ठेवा, बटण आणि पडदा यांतला उशीर कमी होतो. यात गैर काहीच नाही.

शॉर्टकटचे नियम मात्र गेमनुसार बदलतात. ट्रॅकमेनियात सगळे चेकपॉइंट पार केले की मधली वाट तुमची तुम्ही शोधायची, तिथे ते कौशल्यच मानतात. ग्रान टुरिस्मोत ट्रॅकच्या हद्दीबाहेर गेलात तर फेरी बाद होऊ शकते.

कुणाची वेळ पटत नसेल तर ग्रुपवर नाव घेऊन बोभाटा करू नका. निर्दोष माणूसही त्यात भरडला जातो. रिप्ले उतरवून सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे पाठवा, आणि निकाल लागेपर्यंत नवख्यांना सरावासाठी दुसरा घोस्ट सुचवा.