‘इल्लीगल’ पुकारल्यावरही बाद?

प्रश्न : स्लो-पिच सॉफ्टबॉलमध्ये पंचांनी ‘इल्लीगल’ पुकारलं, तरी बॅटरने चेंडू मारला आणि तो झेलला गेला. बाद कसा?

उत्तर : पंचांचा निर्णय अगदी योग्य आहे. क्रिकेटच्या नो-बॉलवर झेलबाद होत नाही, म्हणून आपल्याकडे हा गोंधळ होतो. यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांनुसार पिच, म्हणजे पिचरने टाकलेली फेक, जमिनीपासून किमान ६ फूट उंच जायला हवी. ती त्याहून खालून आली, की पंच लगेच ‘इल्लीगल’ पुकारतात. पण खेळ थांबवत नाहीत. बॅट फिरवली नाही, तर ‘बॉल’ मिळतो. फिरवली, की पिचरची चूक पुसली जाते आणि पुढे घडेल ते कायम राहतं. चुकला तर स्ट्राइक, झेलला गेला तर बाद, आणि होमरन बसला तर तोही धरतात! मला हा नियम न्याय्य वाटतो. तेव्हा पुकारा ऐकू आला, तर बॅट आवरा.