आकाशातून बर्फाचे मोजमाप

भडगावकरांना नदी म्हटली की प्रथम गिरणा आठवते. सह्याद्रीत उगम पावून आणि खानदेशची भूमी भिजवून ती तापीस मिळते. तिचे सारे पाणी पावसाचे. मृग-आर्द्रांनी दगा दिला की पात्रात वाळूच दिसावयाची. परंतु बियास, चिनाब ह्या हिमालयातील नद्यांची गोष्ट निराळी आहे. ऐन ज्येष्ठातही त्यांस पाणी असते. कारण हिवाळ्यात पडलेले बर्फ पर्वतशिखरांवर साठून राहते आणि उन्हाळ्यात थोडेथोडे वितळते. सृष्टिकर्त्याने भरून ठेवलेली ती जणू धान्याची कणगीच होय. घरची कणगी किती रिकामी झाली हे गृहिणी डोकावून पाहते. पण पर्वतावरच्या कणगीत कोणी डोकावावे?

ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठी ज्यांनी आपली उमेद खर्च केली, त्यांपैकी डॉ. अनिल कुलकर्णी हे एक होत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अहमदाबाद येथील केंद्रात त्यांनी दीर्घकाळ काम केले व पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दिवेचा केंद्रात तेच कार्य चालविले. पृथ्वीवरील बर्फाचे सर्वांत मोठे साठे दोन ध्रुवांकडे आहेत. त्यांच्या खालोखाल हिमालय व त्याच्या लगतचा उंच प्रदेश येतो. म्हणून त्यास ‘तिसरा ध्रुव’ असे म्हणण्याचा प्रघात आहे.

उपग्रह बर्फ कसे ओळखतो, हे आधी समजून घेऊ. आकाशातून पाहता ढगही पांढरा आणि बर्फही पांढरे. मग भेद कसा करावा? आपल्या डोळ्यांस न दिसणारे अवरक्त नावाचे किरण आहेत. त्यांपैकी काही विशिष्ट किरण बर्फ बहुतांशी शोषून घेते, ढग मात्र ते परत फेकतो. उपग्रहावरील यंत्र दोन्ही प्रकारचा प्रकाश मोजते आणि ह्या फरकावरून बर्फ कोणते ते ठरविता येते. 2003 साली सोडलेल्या भारताच्या रिसोर्ससॅट-1 ह्या उपग्रहावर अशीच यंत्रे होती.

आता जमाखर्चाकडे वळू. उन्हाळा संपता संपता हिमनदीवर एक रेषा दिसते. तिच्या वर गेल्या हिवाळ्याचे बर्फ शिल्लक असते, ती जमा. खाली ते वितळून गेलेले असते, तो खर्च. ही रेषा उपग्रहाच्या चित्रात दिसते. डॉ. कुलकर्णी यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, पश्चिम हिमालयात रेषेवरील भाग हिमनदीच्या सुमारे 44 टक्के असला म्हणजे जमाखर्च बरोबर जुळतो. भाग त्याहून कमी भरला, की हिमनदी मुद्दल खाऊ लागली असे समजावे.

2007 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनाब, पार्वती व बास्पा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील 466 हिमनद्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. 1962 च्या सुमाराचे नकाशे एका बाजूस व उपग्रहाची चित्रे दुसऱ्या बाजूस ठेवून त्यांनी ताडून पाहिले. पूर्वी 2,077 चौरस किलोमीटर असलेले हिमक्षेत्र 1,628 चौरस किलोमीटरवर आले होते. हिमनद्यांची संख्या मात्र वाढली होती! पण ती वाढ आनंदाची नव्हे. वाटण्या होऊन शेताचे तुकडे पडावेत तद्वत एकेका हिमनदीचे तुकडे झाले होते. लहान हिमनद्यांचा ऱ्हास अधिक होता. एक चौरस किलोमीटरहून लहान अशा 127 हिमनद्यांचे व हिमक्षेत्रांचे 38 टक्के क्षेत्र नाहीसे झाले. पार्वती हिमनदी तर 1990 ते 2001 ह्या अकरा वर्षांत 578 मीटर मागे सरली.

केवळ चित्रांवर विसंबून ही मंडळी थांबली नाहीत. छोटा शिगरी, पाटसिओ, समुद्रटापू, पार्वती व शौने गारंग ह्या हिमनद्यांवर प्रत्यक्ष जाऊन त्यांनी पडताळा घेतला. दगडमातीने झाकलेले बर्फ वरून ओळखणे कठीण असते. तेथे पायांनी चालूनच सत्य कळते.

ह्या पडताळ्याचे मोल किती, ते एका घटनेवरून कळेल. हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील असे विधान 2007 साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अहवालात छापले गेले. त्यास पुरेसा आधार नव्हता, आणि जानेवारी 2010 मध्ये अहवालकर्त्या मंडळाने त्याबद्दल खेद प्रकट केला. संकट खरे असले तरी ते फुगवून सांगू नये, तसेच ते झाकूही नये. काराकोरम पर्वतातील कित्येक हिमनद्या बऱ्याच अंशी स्थिर आहेत, हेही संशोधक तितक्याच स्पष्टपणे नोंदवितात. खोट्या तराजूने तोलणे हे व्यापाऱ्यास जसे पाप, तसेच ते शास्त्रज्ञासही.

ध्रुवांकडेही हेच कार्य चालू आहे. गोव्यात वास्को येथे 1998 साली स्थापन झालेली ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था अंटार्क्टिकावरील मैत्री व भारती ही ठाणी सांभाळते. 30 जुलै 2025 रोजी भारत व अमेरिका यांनी मिळून निसार हा उपग्रह सोडला. त्याच्या रडारला ढग आणि अंधार आड येत नाहीत. सबब सहा महिन्यांच्या ध्रुवीय रात्रीतही बर्फाची हालचाल टिपता येते. जमिनीवरील बर्फ वितळून समुद्रास मिळाले की समुद्राची पातळी चढते, म्हणून ध्रुवावरील हिशेबाशी आमच्या कोकणपट्टीचाही संबंध आहे.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलांस एक वही द्यावी आणि घरच्या वा शेजारच्या विहिरीचे पाणी किती हात खोल आहे, ते दर रविवारी तीत लिहावयास सांगावे. एका वर्षाच्या नोंदीने फारसे काही कळणार नाही. दहा वर्षांच्या नोंदीने गावाचे पाणी कोणीकडे चालले आहे ते कळेल.

अभ्यास : (1) 2,077 वरून 1,628 म्हणजे शेकडा किती घट, ते काढा. (2) पार्वती हिमनदी दरवर्षी सरासरी किती मीटर मागे सरली? (3) हिमनद्यांची संख्या वाढली असता बर्फ कमी कसे होऊ शकते, ते आपल्या शब्दांत लिहा.