टॅब, मोबाइल ॲप आणि आयुर्वेदाचे अध्ययन-अध्यापन

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे महाविद्यालयांतील वर्ग बंद झाले आणि व्याख्याने मोबाइलच्या पडद्यावर आली. वर्ग पुन्हा सुरू झाले, तरी पडदा हातातून सुटला नाही. आज आंतरवासीय विद्यार्थी रुग्णाच्या खाटेशेजारी उभा राहून ॲपवर योगाची मात्रा पाहतो. औषधालयाचे चालक कच्च्या मालाची खरेदी करताना द्रव्याचे छायाचित्र पडताळतात. ही साधने चांगली की वाईट, या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. अध्ययनाच्या कोणत्या पायरीस त्यांचे साहाय्य होते आणि कोठे त्यांची मर्यादा येते, एवढाच विचार प्रस्तुत लेखात शास्त्राच्या आधारे करीत आहोत.

अध्ययनाच्या तीन पायऱ्या

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात तंत्राचे ज्ञान वाक्यशः, वाक्यार्थशः व अर्थावयवशः असे त्रिविध सांगितले आहे. मूळ पाठ यथाक्रम म्हणणे ही पहिली पायरी. त्याचा अर्थ हेतू-उदाहरणांसह मांडणे ही दुसरी. आणि त्यातील दुर्बोध स्थळे पुन्हा विवरून सांगणे ही तिसरी.

पहिल्या पायरीस यंत्राने मोठेच साहाय्य केले आहे. हैदराबाद येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन मेडिकल हेरिटेज या संस्थेने चरक, सुश्रुत, माधवनिदान व निघंटू यांचे संगणकीय पाठ उपलब्ध करून दिले आहेत. जो संदर्भ शोधण्यास पूर्वी ग्रंथालयात दुपार जात असे, तो आता क्षणात समोर येतो. लहान गावातील वैद्यालाही हे ग्रंथ खुले झाले, ही या युगाची देणगीच म्हटली पाहिजे.

शब्दशोधाची मर्यादा

तथापि शोधपेटी अक्षरे ओळखते, अर्थ ओळखत नाही. ‘गुडूची’ असा शब्द टंकित केल्यास ‘गुडूच्यादि’ हे स्थळ निसटू शकते, कारण संधीमध्ये ‘ई’चा ‘य्’ झालेला असतो. छिन्नरुहा, वत्सादनी, मधुपर्णी या पर्यायांनी आलेली गुळवेल तर हाती लागतच नाही. उलट ‘अमृता’ शोधल्यास गुळवेलीसह हरीतकी व आमलकीही समोर येतात, कारण निघंटूंत ते तिन्हींचे नाव आहे. ‘मधुक’ म्हणजे ज्येष्ठमध आणि ‘मधूक’ म्हणजे मोह. एका दीर्घ उकाराने द्रव्य बदलते. अशा वेळी निर्णय प्रकरणावरून करावा लागतो. त्यासाठीच चरकसंहितेत छत्तीस व सुश्रुतसंहितेत बत्तीस तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. सुटा श्लोक वाचणाऱ्यास प्रकरण दिसत नाही; म्हणून विद्यार्थ्याने संपूर्ण अध्याय वाचावा, हा आग्रह शिक्षकांनी सोडू नये.

द्रव्यपरिचय

पानाच्या छायाचित्रावरून वनस्पतीचे नाव सांगणारी ॲप्स उद्यानात व रानात उपयुक्त आहेत. सीता अशोकाचे संयुक्त पान आणि रस्त्याकडेच्या उंच खोट्या अशोकाचे नागमोडी कडांचे साधे पान यांतील भेद ती सहज दाखवितात. परंतु अशोकारिष्टासाठी पोत्यातून येते ती साल. तेथे पान नाही, फूल नाही. सालीचा रंग, भंग व रस पाहूनच, आणि आवश्यक तेथे प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकीय व रासायनिक परीक्षणानेच ग्राह्य-अग्राह्य ठरते. औषधनिर्मात्यांनी केवळ छायाचित्रावर विसंबून माल स्वीकारल्यास त्याची किंमत रुग्णास मोजावी लागते.

शंखपुष्पीची गोष्ट आणखी निराळी. कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस, विष्णुक्रांता व गोकर्ण या तीनही वनस्पती प्रदेशपरत्वे त्या नावाने वापरल्या जातात. ॲप प्रत्येकीचे लॅटिन नाव अचूक सांगेल. पण योगात कोणती घ्यावी हा निर्णय वैद्याचा आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेने पहिलीस मान्यता दिली आहे. गुराखी व वनवासी औषधींचे नाम-रूप जाणतात, पण प्रयोग जाणणाराच खरा जाणकार, असे चरकांनी म्हटले आहे. यंत्रासही हेच लागू पडते.

कर्माभ्यास

प्रतिकृतीवर शिकणे आपल्या शास्त्रास परके नाही. सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात छेदनासाठी भोपळा व काकडी, वेधनासाठी कमळाचा देठ आणि बंधनासाठी मनुष्याकृती पुतळा सुचविला आहे. पडद्यावरील शरीररचनेची त्रिमितीय चित्रे याच परंपरेत बसतात. मात्र सुश्रुतांच्या योजनेत हाताला काम होते. स्नेहपाकाचे उदाहरण घ्यावे. तैलपाकात फेस येणे व घृतपाकात तो शमणे चित्रफितीत दिसते. अग्नीवर टाकलेल्या कल्काचा आवाज थांबणेही ऐकू येईल. परंतु कल्काची वात बोटांत वळताना लागणारा स्पर्श आणि सिद्ध स्नेहाचा गंध पडद्यातून येत नाही. मृदू, मध्य व खर पाकाचा निर्णय कढईजवळच शिकावा लागतो. नाडी व उदर परीक्षणाविषयीही हेच म्हणता येईल.

काही सूचना

१. ॲपमधील मात्रा वा पाठभेद मूळ ग्रंथाशी पडताळल्याशिवाय उपयोजू नये.
२. वत्सनाभ, भल्लातक यांसारख्या द्रव्यांची माहिती देताना शोधन व निषेध यांचा उल्लेख नसल्यास ते ॲप विद्यार्थ्यांस सुचवू नये.
३. चित्रफीत प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी दाखवावी, प्रात्यक्षिकाऐवजी नव्हे.
४. औषधालयांनी प्रमाणित शुष्क द्रव्यांचे नमुने बाळगावेत आणि आंतरवासीयांना ते हाताळू द्यावेत.
५. संमतीवाचून रुग्णाची छायाचित्रे गटांत पाठवू नयेत.

चरकांच्या विमानस्थानात शास्त्रज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत: अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा. यंत्राने पहिला उपाय सुकर केला. त्यामुळे वाचलेला वेळ उरलेल्या दोन उपायांना, म्हणजे शिष्याला जवळ बसवून शिकविण्यास व वैद्यांच्या परस्पर चर्चेस दिला, तरच या साधनांचे सार्थक होईल. व्यवसायी वैद्यांनी व औषधालयाच्या चालकांनी यंदा निदान एका विद्यार्थ्यास आपल्या औषधपाकाच्या जागी बोलवावे, अशी आमची विनंती आहे.