पोर्टर गायला घेण्याआधी

पोरी, कोल पोर्टर शिकायला घेतलास, फार चांगलं केलंस. जॉर्ज गर्शविनच्या चालींना बहुतेकदा त्याच्या भावाचे, आयराचे शब्द असत. पोर्टरचं तसं नाही. शब्दही त्याचे आणि चालही त्याचीच. म्हणून एखादा सूर तिथे का आलाय हे कळेना, तर शब्दांकडे बघ.

रेकॉर्ड आधी लावू नकोस. मूळ प्रकाशकाचं छापील नोटेशन मिळव. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात १९७०च्या दशकात तयार झालेलं ‘रिअल बुक’ हे जॅझ नोटेशनचं पुस्तक सगळ्यांच्या पिशवीत असतं, पण त्याच्या जुन्या प्रतींत चुका आहेत. मी अशाच एका झेरॉक्सवरून वर्षभर एक सूर चुकीचा गात होते. नंतर तो गळ्यातून काढायला मला त्याहून जास्त वेळ लागला.

शिवाय अशा पुस्तकांत व्हर्स, म्हणजे मुखड्याआधीचा तो बोलल्यासारखा भाग, बहुतेकदा नसतोच. ‘नाइट अँड डे’ची (१९३२) व्हर्स बघ. चाल कितीतरी वेळ एकाच सुरावर ठोके देत राहते आणि खाली कॉर्ड सरकत राहतात. ती घुसमट गायलीस, तरच मुखड्याचा पहिला लांब सूर मोकळा वाटेल.

आता ‘एव्हरी टाइम वुई से गुडबाय’ (१९४४). हे महिनाभर घे. पहिली ओळ जवळजवळ एकाच सुरावर आहे. इथे हात शिवशिवतात, हरकत घ्यावीशी वाटते. घेऊ नकोस. निरोप घेताना माणूस असाच एका जागी थिजतो. पुढे मेजरवरून मायनरवर जाण्याचे शब्द येतात आणि नेमका तिथेच साथीचा कॉर्डही मेजरचा मायनर होतो. आपल्या भाषेत, धैवत शुद्धाचा कोमल होतो. आधी फक्त पियानोवर ते दोन कॉर्ड दहा वेळा वाजवून ऐक, मग तोंड उघड. तिथे आवाजात वेगळं दुःख आणायची गरज नाही, ते कॉर्डमध्ये आहे.

शब्द रोज नुसते मोठ्याने वाच. श्वास अर्थ तुटेल तिथे घ्यायचा, बार संपला म्हणून नाही.

एवढं झालं की एला फिट्झजेराल्डचं १९५६चं कोल पोर्टर साँग बुक लाव. जिचं स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांवरचं उत्स्फूर्त गाणं, जगाने डोक्यावर घेतलं, ती इथे स्वतःला किती आवरते ते ऐक. सिनाट्राचं ‘आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन’ही त्याच वर्षीचं, ते त्यानंतर.

पट्टी मात्र तुझ्या गळ्याची घे, एलाची नको. आणि उद्या पियानोवाल्याकडे जाशील तेव्हा व्हर्सचं पान बरोबर ने.